वाटाणा, नांगर आणि तीन लोंब्या

लेखमाला : वहीचा समास
लेखांक सहावा

मागच्या लेखांकात फसलेल्या प्रयोगाची नोंद कशी ठेवायची, ते पाहिलं. या वेळी एक पायरी मागे जायचंय. प्रयोग करावासा वाटतो, ती कल्पना मुळात येते कुठून? हा प्रश्न मला पुस्तक वाचताना पडलेला नाही. भर वर्गात फजिती झाली, तेव्हा पडला.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात नवकल्पनांची स्पर्धा होती, विषय शेती. आमचा चौघांचा ग्रुप. आदल्या रात्रीपर्यंत कोणालाच काही सुचलं नव्हतं. शेवटी होस्टेलच्या खोलीत बसून आम्ही चॅटबॉटला विचारलं, ‘शेतीसाठी दहा नव्या कल्पना दे.’ चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत दहा कल्पना हजर! त्यातली एक उचलली. मातीतला ओलावा मोजायचा आणि माती कोरडी पडली की आपोआप पाणी सोडायचं. रात्रभर जागून स्लाइड केल्या. सकाळी आमचा नंबर पाचवा होता. आधीच्या चार ग्रुपपैकी तिघांनी हीच कल्पना मांडली, आणि एकाचं तर शीर्षकही शब्दशः आमचंच होतं. आम्ही उभे राहिलो तेव्हा वर्गात खसखस पिकली.

सर हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘हे तुमच्यापैकी कोणाच्या रानात बसवायचं?’

हात मी वर करायला हवा होता. पलूस तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. तिला ठिबक आहे, पण पाणी कधी द्यायचं हे माती ठरवत नाही, लाईट ठरवते. ज्या आठवड्यात लाईट रात्रीची, त्या आठवड्यात बाबा बॅटरी घेऊन रात्री मोटर चालू करायला जातात. माती कोरडी झाल्याचं यंत्राने दुपारी दोनला सांगितलं आणि लाईट रात्री बाराला येणार असली, तर ते कळून करायचं काय? वीस वर्षं त्या घरात काढूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी हात खालीच ठेवला.

यात यंत्राला दोष देऊन सुटता येत नाही. हे चॅटबॉट चालतात कसे, ते थोडक्यात सांगते. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्यांच्यापुढून गेलेला असतो. अमुक शब्दांमागोमाग कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे मुख्यतः त्यातून ते शिकतात आणि उत्तर देताना त्या अंदाजाने एकेक शब्द पुढे ठेवत जातात. शेती आणि नवी कल्पना हे शब्द जिथे जिथे एकत्र आले असतील, तिथे ओलाव्याचा सेन्सर शेजारी बसलेला असणारच. म्हणजे आम्ही नवं मागितलं आणि मिळाली सगळ्यात मळलेली पायवाट. आमच्या प्रश्नात ना आमची बाग होती, ना लाईट, ना बाबांची बॅटरी. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

कल्पना ‘सुचते’ असं आपण म्हणतो. अंघोळ करताना सुचली, झोपेत सुचली, जणू वरून टपकली. त्या फजितीनंतर मला वाटू लागलं, की सुचण्याच्या आधी काहीतरी दिसावं लागतं, आणि आमच्याकडून नेमकं तेच राहून गेलं होतं.

शुक्रवारी घरी निघाले. आमचं स्टेशन किर्लोस्करवाडी. फलाटावरचा बोर्ड मी शंभरदा वाचला असेल, पण त्या नावामागच्या माणसाला रंग नीट ओळखता येत नव्हते, हे मला यंदा कळलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते ते चित्रकला शिकायला. दोनेक वर्षांत लक्षात आलं, की काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. रंग सुटले, पण रेषा हातात राहिली. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. मग बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची भीती होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण ‘अंधश्रद्धा’ म्हणून पुढे जातात. मला त्या भीतीच्या आत एक व्यवहारी प्रश्नही दिसतो. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता, त्याचं बलुतं ठरलेलं होतं. हे लोखंड मोडलं तर न्यायचं कोणाकडे? आमच्या स्लाइडवर ‘वापरणारा’ असा एक रकाना होता. त्यात आम्ही ‘शेतकरी’ एवढा एकच शब्द भरला होता. त्या शेतकऱ्याला कसली भीती वाटेल, हे लिहायला रकानाच नव्हता.

१९१० साली लक्ष्मणरावांना बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला. तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली आणि पुढे स्टेशनचं नावही बदललं. त्याच फलाटावर उतरून मी वडापची वाट बघत उभी राहते.

जे. जे.मध्ये साधारण लक्ष्मणरावांच्याच काळात, म्हणजे १८८५च्या आसपास, नाशिककडचा आणखी एक मुलगा शिकत होता. धुंडिराज गोविंद फाळके. पुढे त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतलं, फोटोग्राफी केली, ब्लॉक तयार केले, शिळाप्रेसचं काम शिकले, छापखाना चालवला, जादूचे प्रयोगसुद्धा केले. घरच्यांना ही सगळी धरसोड वाटली असेल. मग मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर आपले देव दिसावेत, असं त्यांच्या मनात आलं. तोच खेळ पाहायला त्या दिवशी थिएटरात आणखीही माणसं होती. पण रसायनात बुडवलेल्या काचेवर चित्र कसं उमटतं, हे हाताने करून पाहिलेला माणूस पडद्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. पुढचे कित्येक महिने ते चित्रपट बघत राहिले, इतके की डोळे बिघडले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन ते विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले.

आता पैसे हवे होते. ‘मी हलती चित्रं काढणार’ असं सांगून कोण पैसे देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभर, रोप वाढेल तसतशी, थोडी थोडी चित्रं घेत गेले. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बी फुटलं, अंकूर आला, वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या छोट्या पटाचं नाव. मी वहीच्या समासात हिशोब करून पाहिला. मूकपटाला सेकंदाला सोळा चित्रं धरली तर मिनिटाला ९६० होतात. तीस दिवसांत वाटली तर दिवसाला ३२. म्हणजे दिवसभरात पाऊण तासाला एक चित्र, तेही रात्रीसुद्धा न चुकता. फाळक्यांचं वेळापत्रक असंच असेल असा माझा दावा नाही. पण गणित मांडल्यावर त्या एका मिनिटाचं वजन कळलं.

आम्ही आज ज्याला प्रोटोटाइप म्हणतो, तो हाच. सबंध सिनेमा दाखवता येत नव्हता, म्हणून त्यातली सर्वांत लहान आणि सर्वांत आश्चर्याची गोष्ट दाखवली. भांडवल उभं राहिलं ते त्या वाटाण्यावर. उरलेलं घरातून आलं. सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले, शिवाय अंधारात बसून कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं कामही त्या करत, कारण फिल्म भोकांशिवाय यायची. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. जादूगार असण्याचा उपयोग तिथे झाला, आणि ब्लॉकवाला, छापखानावाला, फोटोग्राफर असण्याचाही. धरसोड वाटलेली सगळी वर्षं एका कामात येऊन बसली.

तिसरा माणूस जे. जे.मधला नाही. त्याचं शिक्षण तिसरीपर्यंतचं. दादाजी खोब्रागडे, गाव नांदेड. मराठवाड्यातलं नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं. १९८३च्या सुमारास पटेल-३ जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, रंगाने पिवळसर. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दाणे जपून ठेवले, पुढच्या हंगामात बांधीत वेगळे लावले, भोवती काटेरी झुडपांचं कुंपण केलं. पुन्हा निवडले, पुन्हा लावले. असं वर्षानुवर्षं. त्यातून जो बारीक दाण्याचा, चवीचा तांदूळ निघाला, त्याला बाजारात तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडलं. आज किराणा दुकानात एचएमटी तांदूळ मागणाऱ्या किती जणांना त्या बांधीची माहिती असते?

शेतात वेगळी लोंबी कोणालाही दिसू शकते. पण कापणीला लागलेला विळा तीन लोंब्यांसाठी थांबत नाही. दादाजींचा थांबला. प्रयोगशाळा नाही, उपकरण नाही, जमीन दीड एकर, म्हणजे आमच्या बागेएवढीच. हे वाचलं तेव्हा मला जरा लाजच वाटली.

शनिवारी सकाळी आमच्या बागेत डिपिंग चाललं होतं. द्राक्षाचा घड जीए या संजीवकाच्या द्रावणात बुडवून काढायचा, म्हणजे मणी लांबतात, फुगतात. आई, काकू आणि गावातल्या पाच बायका मांडवाखाली उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात मग. मग वर उचलायचा, घड त्यात बुडवायचा, खाली घ्यायचा, पुढच्या घडाकडे सरकायचं. दिवसभर हात डोक्याच्या वर. हे मी लहानपणापासून बघत आलेय. त्या दिवशी मात्र काकूच्या हाताकडे लक्ष गेलं. साडीवर काकांचा जुना फुल शर्ट होता आणि दोन्ही मनगटांवर कसलंतरी करडं कडं.

‘काकू, हे काय गं घातलंयस?’

‘मोज्याचं तोंड हाय. कापून घेतलंय. औषध मनगटावरनं वघळून काखंपतूर जातंय, मग खाज सुटती. ह्यो पितोय सगळं. दोन तासानं पिळायचं, परत घालायचं.’

‘कुणी शिकवलं?’

‘कोण शिकिवतंय? दिसभर हात वर करून उभी ऱ्हा की, आपोआप कळंल.’

उभी राहिले. चाळीसाव्या घडाला खांदा बोलायला लागला. मग तीन गोष्टी दिसल्या. द्रावण सांडतं ते घड बुडवताना कमी आणि बाहेर काढताना जास्त. मगाचा कान बाजूला असल्याने मनगट सतत मुरगळलेलं राहतं. आणि मग भरलेला असतो तेव्हा हात थरथरतो, म्हणून बायका तो अर्धाच भरतात आणि बादलीकडे दुप्पट फेऱ्या मारतात. मी वहीत लिहिलं : मांडवाची उंची, मगाचं वजन, एका मगात किती घड होतात. बाजूला समासात लिहिलं : मनगट.

रविवारी रात्री चॅटबॉट पुन्हा उघडला. या वेळी दहा कल्पना मागितल्या नाहीत. मांडवाची उंची सांगितली, वजन सांगितलं, द्रावण कुठून ओघळतं ते सांगितलं आणि हे ओघळणं मगातच कसं अडवता येईल, ते विचारलं. उत्तरातलं निम्मं आमच्या बागेत निरुपयोगी होतं. पण मगाच्या काठाला आत वळलेली पट्टी लावून थेंब परत आत पाडायची एक सूचना कामाची निघाली. पट्टीचा कोन काढायला त्याने गणितात मदतही केली. मग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जुना प्लास्टिकचा मग कापून, पट्टी चिकटवून एक नमुना तयार केला. स्पर्धा तोवर संपली होती. आमचा ग्रुप पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता, हे वेगळं सांगायला नको.

वाचकांसाठी या आठवड्याचा अभ्यास सोपा आहे, पण कंटाळवाणा. घरातलं किंवा आसपासचं कोणाचंही एक काम निवडा. भाकरी थापणं, इस्त्री, गाडीचं पंक्चर काढणं, काहीही. तासभर फक्त बघा, शक्य असेल तर तासभर करा. काम करणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेली एखादी जुळवणी, म्हणजे बांधलेली चिंधी, खाली सरकवलेली वीट, तिरपा धरलेला हात, सापडते का पाहा. सापडली की उपाय शोधायला धावू नका. ती का केली, एवढंच विचारा आणि लिहून ठेवा.

पुढच्या लेखांकात दादाजींकडे परत जायचंय. तीन लोंब्या त्यांनी निवडल्या, पण श्रेय आणि मोबदला त्यांच्यापर्यंत कितीसा पोहोचला? कल्पना कोणाची, हे कोण ठरवतं? काकूच्या मोज्यावरून माझ्या वर्गात हाच वाद सुरू झालाय.

हो, मगाचं काय झालं ते राहिलंच. पुढच्या सुट्टीत नमुना घेऊन गेले. काकूने तो भरून वर उचलला, एक घड बुडवला, दुसरा बुडवला. मग माझ्या हातात परत देत म्हणाली, ‘वघळत न्हाई, खरं हाय. पण जड झालाय गं. मोजाच बरा.’

वहीत तारीख टाकून लिहिलं : पट्टीचं वजन कमी करणे.