वॉशिंग मशीनचा सुटा भाग नावाने नव्हे, नंबराने मागा



आपल्या भागात आता बहुतेक वाड्या-वस्त्यांवर वॉशिंग मशीन पोहोचलेले आहे. उसाचे बिल हाती आल्यावर ज्या वस्तू घरात येतात, त्यांपैकी घरातील बायामाणसांचे कष्ट खऱ्या अर्थाने हलके करणारी ही एक वस्तू होय. तोडणीच्या दिवसांत पाचटाच्या धुळीने माखलेले आणि पाणी पाजताना चिखलाने भरलेले कपडे दगडावर आपटून धुणे किती कंबरतोडीचे काम आहे, हे ज्यांनी केले त्यांनाच माहीत.

परंतु हे मशीन बंद पडले की काय होते? कर्ता पुरुष म्हणतो, ‘बघू, मिस्त्रीला सांगतो.’ आणि धुण्याची बादली पुन्हा बाईच्याच हातात येते. शेतावरचा पंप बंद पडला तर आपण रात्री अकरा वाजता मोटर खोलतो. मशीन मात्र महिना-महिना पडवीत उभे राहते, त्यावर सुपे-टोपल्या ठेवल्या जातात, आणि अखेरीस ते भंगारवाल्याच्या गाड्यात जाते. यांतली कित्येक मशीन्स खरोखर निकामी झालेली नसतात. योग्य भाग मिळाला नाही, किंवा चुकीचा भाग आणून बसवला, एवढेच कारण असते.

तालुक्याच्या दुकानातला संवाद बहुधा असा चालतो.

‘शेठ, वॉशिंग मशीनचा पट्टा द्या.’

‘कोणत्या मशीनचा?’

‘पांढरं आहे बघा. सात किलोचं.’

आता एवढ्यावर दुकानदार तरी काय देणार? तो अंदाजाने एक पट्टा देतो. घरी आल्यावर तो सैल होतो किंवा चढतच नाही. दुकानदार म्हणतो, वापरलेला माल परत घेत नाही. एसटीचे भाडे गेले, दिवस मोडला आणि मशीन होते तिथेच.

आपल्या कारखान्यात हंगाम संपल्यावर मिलचे ओव्हरहॉलिंग होते. त्या वेळी फिटर स्टोअरमध्ये जाऊन ‘एक बेरिंग द्या’ असे मोघम सांगत नाही. कोणत्या यंत्राचा भाग, त्याचा नंबर, माप आणि किती नग, हे सारे तो इंडेंटवर लिहून देतो. हाच शिरस्ता घरच्या मशीनला लावावा.

मशीनवरची पट्टी प्रथम वाचा

प्रत्येक मशीनवर माहितीची एक पट्टी असते. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे दोन टबांच्या मशीनला ती बहुधा पाठीमागे असते. वरून कपडे टाकायच्या ऑटोमॅटिक मशीनला मागे किंवा झाकणाजवळ, आणि समोरून दार असलेल्या मशीनला दार उघडल्यावर चौकटीवर सापडते. तीवर मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर असे दोन नंबर असतात. मॉडेल नंबरातले शेवटचे अक्षरही सोडू नये. कारण तेवढ्या फरकानेही आतला भाग वेगळा असू शकतो.

सिरीयल नंबर कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, एकाच मॉडेलचे उत्पादन चालू असताना कंपनी मध्येच एखादा भाग बदलते. तुमचे मशीन त्या बदलाच्या आधीचे की नंतरचे, हे सिरीयल नंबरावरून कळते. कधी जुन्या भागाचा नंबर बंद होऊन त्याच्या जागी नवा नंबर आलेला असतो. तेही कंपनीच्या अधिकृत काउंटरवर या दोन नंबरांवरूनच काढून देतात. पट्टीचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवावा. पाणी आणि साबण लागून ती पुसली जाते, म्हणून हे काम मशीन चालू आहे तोवरच उरकावे.

बिघाड भागात आहे का, हे ठरवा

भाग आणण्यापूर्वी दोष कुठे आहे ते पाहावे. पाणी हळू भरते म्हणून व्हॉल्व्ह बदलणारे पुष्कळ आहेत. पाइप जिथे मशीनला जोडतो तिथे एक बारीक जाळी असते. बोअरचे किंवा कॅनॉलचे पाणी असेल तर तीत वाळू, गाळ आणि क्षार बसतात. जाळी ब्रशने धुतली की काम होते. ठिबकचा फिल्टर आपण धुतोच की, तसेच हे. शिवाय टाकीची उंचीही पाहावी. टाकीतील पाण्याची पातळी नळापासून १० फूट उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ किलो मिळतो. तेवढ्यावर काही ऑटोमॅटिक मशीन्स पाणी नीट घेत नाहीत. त्यात व्हॉल्व्हचा काय दोष?

मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, अशा वेळी मोटर जळाली असे लगेच समजू नये. कपॅसिटर उतरला असेल, किंवा आत चिंधी वा नाणे अडकले असेल. ड्रायर फिरत नसेल तर झाकणाचा स्विच आणि ब्रेकची तार आधी तपासावी. पाणी बाहेर जात नसेल तर पाइपातला कचरा काढावा. यांतल्या निम्म्या कामांना नवा भाग लागतच नाही.

मशीन उघडण्याआधी पिन काढलीच पाहिजे. नुसते बटण बंद करून भागत नाही. आणि पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. त्याची माहिती नसेल तर त्याला हात लावू नये, वायरमनला बोलवावे. अर्थिंग नसलेल्या जागी, ओल्या फरशीवर मशीन चालवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

भागाचे माप कसे घ्यावे

पट्टा : पिठाच्या गिरणीचा किंवा कडबाकुट्टीचा पट्टा आणताना आपण ‘बी ६०’ असे सांगतो. त्यातले अक्षर पट्ट्याची जाडी-रुंदी सांगते आणि आकडा इंचांतली लांबी सांगतो. दोन टबांच्या मशीनचा पट्टा बारीक असतो आणि त्यावरही असेच अक्षर व आकडा असतो. दोन्ही उतरवून घ्यावेत. जुना पट्टा वापराने ताणलेला असतो, त्यामुळे त्याच्या मापाने नवा घेतल्यास तो लांब येण्याचा संभव असतो. नंबर पुसला असेल तर मोटर तिच्या खाचेत मधोमध ठेवून दोन्ही पुल्यांभोवती सुतळी फिरवून माप घ्यावे.

कपॅसिटर : शेतीपंपाच्या अनुभवामुळे ही वस्तू आपल्या ओळखीची आहे. त्यावर मायक्रोफॅरड आणि व्होल्ट असे दोन आकडे असतात. मायक्रोफॅरडचा आकडा जुळलाच पाहिजे. ‘थोडा मोठा टाका, जोर येईल’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये, मोटर तापून जळते. व्होल्टचा आकडा जुन्याइतका किंवा त्याहून जास्त चालतो, कमी चालत नाही. दोन टबांच्या मशीनमध्ये धुण्याच्या मोटरचा आणि ड्रायरच्या मोटरचा कपॅसिटर वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

बेरिंग व ऑइल सील : समोरून दार असलेले मशीन विमानासारखे आवाज करू लागले की बहुधा ड्रमचे बेरिंग गेलेले असते. ६२०४, ६२०५, ६३०५ असे नंबर त्यावर कोरलेले असतात. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणले की आतल्या छिद्राचे माप मिलिमीटरमध्ये येते. ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५. पण नुसत्या छिद्रावर जाऊ नका. ६२०५ आणि ६३०५ या दोघांचेही छिद्र २५ मिलिमीटरच आहे. बाहेरचा व्यास मात्र एकाचा ५२ आणि दुसऱ्याचा ६२. एक दुसऱ्याच्या जागी बसणार नाही. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात. बेरिंग बदलताना सील नवेच घालावे. सील गळते, पाणी आत जाते, म्हणून तर बेरिंग गंजते. सील जुने ठेवले तर नवे बेरिंगही त्याच वाटेने जाईल.

टायमर : किती मिनिटांचा आहे, वायरी किती आहेत आणि खुंटीचा आकार कसा आहे, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. वायरी सोडण्यापूर्वी फोटो काढावा, म्हणजे रंगांचा गोंधळ होत नाही.

टबच्या तळाची फिरती चकती, जिला मिस्त्री पल्सेटर म्हणतात : तिचा व्यास मोजावा आणि मधल्या भोकातले दाते मोजावेत. एक दाता कमी-जास्त असला तरी ती शाफ्टवर बसत नाही.

ओरिजिनल की बाजारी?

प्रत्येक भाग कंपनीचाच हवा असे नाही, आणि कोणताही बाजारी भाग चालतो असेही नाही. पट्टा, बेरिंग, ऑइल सील आणि कपॅसिटर हे ठरावीक मापाचे भाग आहेत. चांगल्या मेकचा आणि बरोबर नंबराचा माल घेतला तर काम होते. इलेक्ट्रॉनिक बोर्ड, दाराचे लॉक, दाराचे रबर, पाण्याचा व्हॉल्व्ह हे मात्र मॉडेल नंबर सांगूनच घ्यावेत. मोबाइलवरून मागवताना ‘सर्व मशीनला चालेल’ असे लिहिलेले असले तरी फोटोतला भाग आपल्या जुन्या भागाशी ताडून पाहावा.

पैसे देण्यापूर्वी हमीपत्र काढून वाचावे. अनेक कंपन्या मोटरला मशीनपेक्षा जास्त वर्षांची हमी देतात. ती शिल्लक असताना खिशातून पैसे घालणे शहाणपणाचे नाही. भागाचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर भागाचा नंबर लिहून घ्यावा. मिस्त्रीने काढलेला जुना भाग नवा नीट चालेपर्यंत घरीच ठेवावा.

बिलाचा उपयोग पुढेही होतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याखाली सदोष मालाबद्दल आणि सेवेबद्दल दाद मागता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे आणि घरगुती उपकरणे या दोहोंचा समावेश केला गेला. युरोपीय संघाने तर मार्च २०२१ पासून असा नियम केला की, वॉशिंग मशीनचे मॉडेल विक्रीतून बंद झाल्यावरही त्याचे ठरावीक सुटे भाग १० वर्षे उपलब्ध राहिले पाहिजेत. वस्तू विकली म्हणजे जबाबदारी संपली, हा विचार जगभर मागे पडू लागला आहे. आपणही बिनदिक्कत भाग मागावा आणि बिल मागावे.

अर्थात प्रत्येक मशीन वाचवलेच पाहिजे असा हट्ट नको. ड्रमचा शाफ्ट गंजून झिजला असेल आणि शिवाय बोर्डही गेला असेल, तर खर्चाचा अंदाज लेखी घेऊन मगच ठरवावे. पण तो अंदाज दोष नक्की झाल्यावरचा असावा, ‘आता नवीनच घ्या मालक’ एवढ्यावर समाधान मानू नये.

आपल्या घरी पंपाचा, ट्रॅक्टरचा आणि ठिबकच्या फिल्टरचा हिशेब एखाद्या वहीत असतोच. त्याच वहीचे एक पान मशीनसाठी ठेवावे. मॉडेल नंबर, सिरीयल नंबर, खरेदीची तारीख, हमी कधी संपते, कोणता भाग केव्हा व कोणत्या नंबराचा घातला, एवढे त्यावर लिहावे. आणि ती वही घरातल्या बाईला माहीत असेल अशा जागी ठेवावी. मशीन ती चालवते. दुकानात फोन करून नंबर सांगण्याचे काम तिलाही करता आले, तर मालक शेतावरून येईपर्यंत धुणे अडून राहायचे कारण नाही.