वेरूळची लेणी आणि लंडनचा कुत्रा

१८०३ साली लंडनमध्ये थॉमस डॅनिएलने वेरूळच्या लेण्यांची चोवीस छापील चित्रे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास तिथे एका कुत्र्याचे चित्रही छापून विकले जात होते. दोन्ही तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली. लेण्यांची चित्रे घेणारा धनिक. कुत्र्याच्या चित्राला मात्र दुकानाच्या काचेपाशी घोळका करून हसणारी फुकटी गर्दीही चाले.

कुत्र्याचे नाव कार्लो. ५ डिसेंबर १८०३ ला ड्रुरी लेन नाटकगृहात ‘द कॅरव्हॅन’ लागले. रंगमंचावर खरे पाणी, आणि कार्लो त्यात उडी घेऊन बुडणारे मूल वाचवी. नाटकगृहाचा मालक शेरिडन, स्वतः मोठा नाटककार; पण गळ्यापर्यंत कर्जात. व्यंगचित्रकाराने या जोडीखाली लिहिले : डोके पाण्यावर ठेवण्याची नवी युक्ती.

ही चेष्टा जुनीच. १७२३ मध्ये ड्रुरी लेनने फाउस्टचा मूकनाट्य-तमाशा केला, तर महिन्याभरात लिंकन्स इन फील्ड्सच्या जॉन रिचने आपला फाउस्ट आणला आणि भाव खाऊन गेला. पुढच्या वर्षी विल्यम होगार्थचे चित्र आले. ड्रुरी लेनचे तिघे व्यवस्थापक टेबलाशी बसून हातातल्या दोऱ्यांनी बाहुल्या नाचवताहेत. चाललाय सरावच, पण तुरुंग फोडून शौचकूपातून पळणाऱ्या चोराच्या खेळाचा. आणि तिथे पुसायला टांगलेत ‘हॅम्लेट’, ‘मॅक्बेथ’चे कागद. इतकी झोंबणारी नाट्यसमीक्षा शब्दांत क्वचितच सापडेल.

१७५० मध्ये नाटकगृहांचे भांडण निदान अभिनयाचे होते. २८ सप्टेंबरला ड्रुरी लेनमध्ये गॅरिक आणि कॉव्हेंट गार्डनमध्ये बॅरी, दोघेही नट रोमिओ! बारा रात्री तेच चालले. तेराव्या रात्री गॅरिक एकटाच उरला. शहर कंटाळले ते वेगळेच. पण १८११ मध्ये कॉव्हेंट गार्डनने ‘ब्लू बीअर्ड’मध्ये खरे घोडे नाचवले आणि डिसेंबरात ‘हार्लेक्विन अँड पद्मनाबा’साठी चक्क हत्ती आणला. हेमार्केट नाटकगृहाने त्याआधीच, उन्हाळ्यात, घोड्यांची टर उडवणारे नाटक लावून उट्टे काढले होते.

नवलाईच्या या बाजारात हिंदुस्थानही खपत होता. त्यात वेरूळची चित्रे पोचली ती पुण्यामार्गे. तिथला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटने गंगाराम चिंतामण तांबट या पुणेकर चित्रकाराकडून लेणी रेखाटून घेतली होती. याच गंगारामने १७९० मध्ये पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडाही काढला. नंतर स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स वेरूळला गेला. १७९५ मध्ये तो वारला आणि त्याची रेखाटने डॅनिएलने कोरली. लंडनच्या त्या मालिकेच्या शीर्षकात वेल्स आहे, गंगाराम नाही. चित्रे निघाली त्याच वर्षी, २३ सप्टेंबरला, मराठवाड्यातच असईला इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांना हरवले.

आपल्याकडची नाटकमंडळ्यांची चढाओढ गळ्याची होती, म्हणून ती एका रंगमंचावर मावली. गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांच्या चाहत्यांत उभा दावा. तरी टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले : बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. वरचढ कोण, यावर लोक नंतरही भांडत राहिले. केशवराव मात्र ऑक्टोबरातच गेले.