घरचा लोड वाढवताय? मीटरबरोबर अर्थिंगही बघा



कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, गीझर यामुळे बरेच जण घरचं कनेक्शन थ्री फेज करून घेतायत. मीटर नवा, केबल नवी, एमसीबी मोठा. अर्थिंग मात्र जुनंच, न्हाणीच्या मागे पुरलेली एक गंजकी तार.

वायरमन फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा बल्ब लावतो, तो पेटला की "अर्थिंग ओके" म्हणतो. यावर विसंबू नका. तो बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही, त्यामुळे अर्थिंगचा रोध ५० ओहम असला तरी तो जवळजवळ पूर्ण उजेड देतो. आता कडबाकुट्टीत फेज बॉडीला लागला असं समजा. २३० व्होल्ट भागिले ५० ओहम म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास करंट जमिनीत जाईल. ३२ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडत नाही. मशीन तसंच 'जिवंत' राहतं, आणि पुढचा हात लावणारा त्यात सापडतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही.

माणसासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. थ्री फेजला चार पोलचा. ५० ओहमच्या अर्थिंगवरही तो क्षणात पडतो. पण अर्थिंगच नसेल तर करंटला वाट माणसातूनच मिळते, म्हणजे आधी झटका आणि मग ट्रिप. म्हणून दोन्ही पाहिजेत. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. आणि सारखा पडतो म्हणून बायपास तर अजिबात नको! कुठेतरी लिकेज आहे म्हणूनच तो पडतोय.

नवीन अर्थिंगला किमान अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, भिंतीपासून दीडेक मीटर लांब, ओल टिकेल अशा जागी. उन्हाळ्यात माती सुकली की रोध वाढतो, तेव्हा खड्ड्यात पाणी सोडत जा. रोध अर्थ टेस्टरनेच मोजून घ्या. थ्री फेज मोटरच्या बॉडीला अर्थिंगच्या दोन वेगळ्या वायरी लागतात.

सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडायची सवय फार वाईट. बाहेर न्यूट्रल तुटला की फ्रिज, मोटर, इस्त्री सगळ्यांच्या बॉडीत करंट येतो. न्यूट्रल गेला म्हणून अर्थिंगवर दिवे चालवणंही तसंच.

आता गोठा. पत्र्याच्या शेडचे खांब, लोखंडी गव्हाण, दावणीचे पाइप, पाण्याची लोखंडी लाईन हे सगळं वायरने एकमेकांना जोडून त्याच एका अर्थिंगला न्या. तसं नसेल तर बिघाडाच्या वेळी गव्हाण आणि खांबात व्होल्टेजचा फरक पडतो. ओल्या जमिनीवर उभं जनावर तोंडाने लोखंडाला लागलेलं असतं. आपल्याला जेमतेम झिणझिण्या येतील एवढ्यानेही गाय बिचकते, पाणी प्यायचं टाळते. विनाकारण असं होत असेल तर मेन बंद करून आधी वायरिंग तपासून घ्या.

हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करा. लोडवाढीचा टेस्ट रिपोर्ट त्याच्याकडून घेताना अर्थिंगचं रीडिंग तुमच्यासमोर मोजायला सांगा आणि आकडा मेनस्विचच्या झाकणावर तारखेसह लिहून ठेवा.