नवरा विरोधी बाकावर, बायको मुख्यमंत्री!

लखनऊ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? इमामबाडा, कबाब आणि चिकनकारीचे कुर्ते ना? पण याच शहरात २ ऑक्टोबर १९६३ रोजी सुचेता कृपलानी यांनी शपथ घेतली आणि देशाला पहिली महिला मुख्यमंत्री मिळाली.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकसभेत नेहरू सरकारविरुद्ध पहिला अविश्वास प्रस्ताव आला. तो मांडणारे होते आचार्य कृपलानी, म्हणजे सुचेताबाईंचे यजमान! नवरा काँग्रेसचं सरकार पाडायला निघालेला आणि दोन महिन्यांत बायको काँग्रेसचीच मुख्यमंत्री. दोघं फोनवर काय बोलत असतील, याची मला फार उत्सुकता आहे.

१९५२ मध्ये त्या नवऱ्याच्याच पक्षातर्फे नवी दिल्लीतून निवडून आल्या होत्या. पुढे मत बदललं, तशा त्या काँग्रेसमध्ये परतल्या. १९५७ मध्ये तीच जागा त्यांनी काँग्रेसतर्फे जिंकली. संसार मोडला नाही आणि मतही सोडलं नाही. मुख्यमंत्री असताना सरकारी कर्मचाऱ्यांचा ६२ दिवसांचा संपही त्यांनी खंबीरपणे हाताळला.

आता आपल्या गावात डोकावू या. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के जागा राखीव आहेत. पण सही बाईंची आणि निर्णय 'सरपंच पतीं'चा, हे तुम्हीही पाहिलं असेलच. सगळीकडे असं नाही. कितीतरी सरपंचबाई स्वतः कारभार हाकतात. तरी हा शब्द आपल्याकडे रुळला, हे खटकतंच.

आणि एक टोचणारी गोष्ट. ज्या उत्तर प्रदेशाला आपण सहज 'मागासलेला' म्हणतो, तिथे मायावती चार वेळा मुख्यमंत्री झाल्या. सावित्रीबाईंचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात १९६० पासून त्या खुर्चीवर एकही बाई बसलेली नाही. २०२४ मध्ये लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. २०२३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा राखीव ठरवल्या खऱ्या, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यानंतर.

तोवर एक करून बघा. पुढच्या ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न थेट सरपंचबाईंनाच विचारा. शेजारचे गृहस्थ उत्तर द्यायला उठले, तर "भाऊ, तुम्ही बसा, ताईंना बोलू द्या," एवढंच म्हणा.