पाणी मुरायला वेळ द्या

उन्हाळा लागला की सुपे परिसरात बोअरच्या गाड्या फिरायला लागतात. शेजाऱ्याने ३०० फूट घेतला की आपण ५०० फूट. त्याला ५०० ला धूळ निघाली की आपण ७०० पर्यंत जायचं. पुणे-नगर रस्त्यावर कारखाने आले, जमिनीचे भाव चढले, पोरं मोटारसायकलवर ड्युटीला जाऊ लागली. सगळ्यालाच घाई आली, तशी ती विहिरीलाही आली.

एका वस्तीवर एकाच बांधाला तीन कोरडे बोअर पाहिले. चौथ्यासाठी दागिने मोडायचं चाललं होतं. कांदा हाताशी आलेला, दोन पाण्यांवाचून जाईल म्हणून जीव टांगणीला. अशा माणसाला "दम धरा" म्हणायला आपली जीभ रेटत नाही. सोसायटीचा हप्ता दम धरत नाही, हे आम्हालाही कळतं.

पण जमिनीखाली काय आहे ते बघा. आपल्या तालुक्यात वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण. पावसाचं पाणी मुख्यतः मुरूम-मांजऱ्यात साठतं, तेच आपल्या विहिरीला उमळतं. पाषाणात पाणी असतं ते फक्त भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. खोलवरचा तो साठा भरायला अनेक पावसाळे लागतात. उपसायला एक उन्हाळा पुरतो. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या खाली जाणाऱ्या विहिरींवर निर्बंध घातलेले आहेत. ती रेघ किती बोअरांनी ओलांडली हे ज्याच्या त्याच्या शिवाराला माहीत!

सुप्याहून पुण्याकडे निघालं की वाडेगव्हाणवरून राळेगणसिद्धीला वळता येतं. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा तिथे पाझर तलाव होता, पण त्यात पाणी ठरत नव्हतं. गावाने तो दुरुस्त केला, मग खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी वाढलं. पुढे नालाबंडिंग, बांधबंदिस्ती, झाडं, चराईबंदी असं एकेक काम वर्षानुवर्षं चाललं. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाण्याची वाटणी जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असा तिचा नियम होता.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार त्याहून जवळचं उदाहरण. पाऊस आपल्यासारखाच बेताचा. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. डोंगरावर समतल चर खोदले, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळली. मला मोठं वाटतं ते मात्र पुढचं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं अख्ख्या गावाने ठरवलं. पाऊस किती झाला, विहिरींत किती पाणी आहे, याचा ताळेबंद मांडून मग रब्बीत काय पेरायचं ते ठरवतात. पाऊस कमी तर पीकही कमी पाण्याचं. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. चर खोदायला लागल्यापासून ते तिथपर्यंत किती पावसाळे गेले ते मोजा.

एकट्याने धीर धरून भागत नाही, हे या गावांनी दाखवलं. तुम्ही थांबलात आणि बांधाला लागून दुसऱ्याने ७०० फूट घेतला, तर तुमच्या विहिरीचं पाणीही तोच ओढणार. थांबणारा मूर्ख ठरतो आणि पुढच्या वर्षी तोही गाडी बोलावतो. म्हणून बोअरचा विषय कृषी विभागाच्या शिबिरात मिटणारा नाही, तो ग्रामसभेतच घ्यावा लागेल.

तोवर आपल्या विहिरीपुरतं एक काम होण्यासारखं आहे. एक एकरावर १ सेंटिमीटर पाऊस पडला की ४० हजार लिटर पाणी होतं. त्यातलं बरंचसं ओघळीने माती घेऊन निघून जातं. ही ओघळ विहिरीजवळ अडवा. पहिला खड्डा गाळ बसायला मोकळा ठेवा. दुसऱ्यात तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू, आणि तळातून पाईप विहिरीत. गोठ्याचं, फवारणीचं किंवा कारखान्याकडून येणारं पाणी त्यात चुकूनही सोडू नका, पिण्याची विहीर असेल तर मुळीच नको. पहिल्या वर्षी फारसा फरक दिसणार नाही, तेवढ्यावरून खड्डा बुजवू नये. दर वर्षी मृगाच्या आधी वरची गाळ बसलेली वाळू काढावी, धुवावी आणि परत टाकावी.