स्वस्त बेटांचा सौदा आणि तुफानाचा हंगाम

अमेरिका-कॅनडात मुलेबाळे स्थायिक झालेली कुटुंबे आता आपल्या समाजातही पुष्कळ आहेत. आईवडील भेटीला गेले की मुले म्हणतात, चला, आठवडाभर कॅरिबियन बेटांवर जाऊन येऊ, सप्टेंबरात हॉटेलांचे दर उतरलेले असतात. दर उतरतात हे खरे. पण का उतरतात, ते पैसे भरण्यापूर्वी पाहावे. थान स्वस्त मिळाले तर आपण ते उजेडात उलगडून पाहतोच ना?

त्या समुद्रात वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, कारण तोवर पाणी चांगले तापलेले असते. तिकडचे हरिकेन म्हणजे आपले चक्रीवादळच. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग'ने रायगडची काय दशा केली, ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

सर्व बेटांना सारखी जोखीम नसते. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगतची अरुबा, बोनेर आणि कुरासाव ही बेटे वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला पडतात, म्हणून त्यांना तडाखा क्वचितच बसतो. पण दक्षिणेला आहे म्हणून बेफिकीर राहू नये. ग्रेनाडा जवळपास त्याच अक्षांशावर, फक्त पूर्वेला आहे; तरी २००४ च्या सप्टेंबरात 'आयव्हन'ने तिथली बहुतेक घरे मोडली. त्याच देशाच्या करियाकू बेटावर २०२४ मध्ये 'बेरिल' आले ते १ जुलैला, म्हणजे हंगाम जेमतेम सुरू झाला असताना. आणि जमैकावर 'मेलिसा' आदळले २८ ऑक्टोबर २०२५ रोजी, जेव्हा लोक हंगाम सरला असे समजू लागतात. विमानतळ बंद झाले, हजारो पर्यटक अडकून पडले.

विम्यात तर पुष्कळजण फसतात. वादळाला नाव पडल्यानंतर काढलेला विमा त्या वादळाचे नुकसान भरून देत नाही. दुकान पेटल्यावर आगीचा विमा कोण देईल? म्हणून तो बयाणा देतानाच काढावा. शिवाय केवळ भीतीपोटी सफर रद्द केली तर साध्या विम्यात पैसे मिळत नाहीत. विमान रद्द झाले, हॉटेल राहण्याजोगे उरले नाही, अशी लिहिलेली कारणेच चालतात. कोणत्याही कारणाने रद्द करता येईल असा महाग विमा अमेरिकेत मिळतो, पण त्यातही बहुधा निम्मी ते पाऊण रक्कमच परत येते. हॉटेलाच्या शर्ती वेगळ्या वाचाव्यात: रोख परत देणार की पुढची तारीख, हे लेखी घ्यावे.

निघण्याच्या आठवडाभर आधीपासून मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचा अंदाज रोज पाहावा. त्यांच्या नकाशावरचा पांढरा पट्टा वादळाचा मध्य कुठून जाईल एवढेच दाखवतो. पाऊस आणि वारा त्याच्या बाहेरही दूरवर पोहोचतो.

इथून थेट जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. युरोपमार्गे तिकीट काढले आणि वादळामुळे कंपनीने अमेरिकेमार्गे वळवायचे म्हटले, तर तो व्हिसा नसलेल्याला ती जागा घेता येत नाही.