दुपट्टा पुरेसा नाही : कामावरच्या धुळीपासून स्वतःला जपू या



दिवाळी झाली की काटोल, सावनेरकडच्या आपल्या कितीतरी बहिणी जिनिंगमध्ये कामाला लागतात. कुणी गिट्टीच्या क्रशरवर जातात, कुणी कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राखेच्या विटा बनवायला, तर कुणी भिवापूरकडे मिरचीचे देठ खुडायला. बैठकीत तब्येतीचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं, "धूळ तर राहणारच ना मॅडम. तोंडाला दुपट्टा बांधतो आम्ही." म्हणून या अंकात या दुपट्ट्याबद्दलच बोलू.

न दिसणारी धूळ जास्त वाईट

डोळ्याला दिसते ती धूळ नाकात, घशात अडकते आणि शिंकेतून, खोकल्यातून बरीचशी बाहेर पडते. खरा धोका न दिसणाऱ्या धुळीचा आहे. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारा कण त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही लहान असतो. दुपट्ट्याच्या विणीतून तो आरामात आत जातो.

दगडाच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं आत गेली की फुप्फुस कडक होत जातं आणि दम पुरत नाही. याला सिलिकोसिस म्हणतात. तो पूर्ण बरा करणारं औषध नाही. त्यात टीबी होण्याचा धोकाही वाढतो. दोन्हीची लक्षणं सारखीच असल्यामुळे पुष्कळदा नुसता टीबीचाच इलाज सुरू राहतो.

कापसाच्या तुसानं होणारा आजार म्हणजे बायसिनोसिस. त्याची खूण लक्षात ठेवा : सुट्टी घेऊन कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी छाती आवळते, नंतरच्या दिवसांत थोडं बरं वाटतं. हे वेळेत ओळखून धुळीपासून दूर झालं तर त्रास थांबू शकतो. दुर्लक्ष केलं तर तो कायमचा मागे लागतो.

धूळ निघते तिथंच थांबवायची

आधी धूळ उडू द्यायची आणि मग तोंड झाकायचं, हा उलटा मार्ग झाला. क्रशरवर दगड फुटतो तिथं पाण्याचा फवारा हवा, पट्टा झाकलेला हवा. जिनिंगमध्ये तूस ओढून घेणारे पंखे आणि पाइप हवेत. कोरडा झाडू न मारता पाणी शिंपडून झाडायला हवं. एवढं करूनही धूळ उरली तर एन-९५ सारखा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा.

हे काही नवीन नाही. आपल्या नागपुरात जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे त्यांनी तिथं हवा खेळती आणि दमट ठेवणारी यंत्रं बसवली. शंभर वर्षांहून आधी जे जमलं, ते आज का जमू नये?

कायदा काय म्हणतो?

धूळ जिथं निघते तिथंच ती ओढून घेण्याची सोय कारखान्याच्या मालकानं करायची, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून कायदा सांगत आला आहे. १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली. त्यानंतर १९८७ मध्ये कायद्यात भर पडली : कामावर आपल्या आरोग्याला कशाचा धोका आहे, हे मालकाला विचारण्याचा हक्क कामगाराला मिळाला. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते, त्यांचं कार्यालय नागपुरात आहे. तक्रार कुणी केली हे निरीक्षकानं गुप्त ठेवायचं असतं.

एक गोष्ट मात्र माहीत असू द्या. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो. पण जिनिंग हा 'हंगामी कारखाना' धरला जातो आणि तो ईएसआयमधून वगळलेला आहे. म्हणजे आपल्या जिनिंगवाल्या बहिणींना हा आधार नाही. म्हणूनच पुढची कामं गटानंच करायला हवीत.

गटात काय करता येईल?

१. गटाच्या रजिस्टरमध्ये एक पान वाढवा : कोण, कुठं, कोणत्या कामावर, कधीपासून कधीपर्यंत. धुळीचा आजार कित्येक वर्षांनी दिसतो. तेव्हा "तू इथं कामच केलं नाहीस" असं कुणी म्हणू नये. हजेरीची चिठ्ठी, मजुरीची पावती जपून ठेवा.

२. दवाखान्यात गेलात तर खोकल्याच्या आधी काम सांगा. "मी आठ वर्षं क्रशरवर आहे" या एका वाक्यानं तपासणीची दिशा बदलते.

३. फवारा, पंखा, मास्क एकटीनं मागू नका. एकटीला "उद्यापासून येऊ नको" म्हणणं सोपं असतं. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर, सगळ्यांच्या सह्यांनी अर्ज द्या आणि पोच घ्या.

४. घरी आल्यावर कपडे बदलून, हातपाय धुऊनच लेकराला जवळ घ्या. कामाचे कपडे वेगळे धुवा.

आणि ताईंनो, आता आपल्या गटांची स्वतःची मसाला कांडप आणि पिठाच्या गिरण्याही सुरू होत आहेत. तिथं मालक आपणच. तिखट कुटताना शेजारची बहीण खोकत असेल तर तिथं पंखा बसवणं हे आपलंच काम. कर्जाच्या प्रस्तावात मशीनच्या किमतीसोबत धूळ ओढणाऱ्या पंख्याची किंमतही लिहा. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय नक्की घ्या, आणि रजिस्टरचं ते पान त्याच दिवशी सुरू करा.